अमेरिकेतलं यादवी युद्ध कशावरून पेटलं, यावर अजून वाद का होतो?

२७ डिसेंबर २०२३ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या बर्लिन या गावी एका प्रचारसभेत, रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या निकी हेली यांना एका श्रोत्यानं विचारलं, अमेरिकेत यादवी युद्ध कशामुळे झालं? (१८६१ ते १८६५ या काळात उत्तरेतली राज्यं आणि संघराज्यातून फुटलेली दक्षिणेतली राज्यं यांच्यात हे युद्ध झालं.) हेली या दक्षिण कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर. संघराज्यातून सगळ्यात आधी बाहेर पडलेलं आणि युद्धाची पहिली तोफ जिथं डागली गेली ते हेच राज्य. त्यांनी सरकार कसं चालावं, लोकांना काय करण्याची मोकळीक असावी, अशा अंगानं उत्तर दिलं. त्यात गुलामगिरीचा उल्लेखच नव्हता, आणि श्रोत्यानं तो नसल्याचं तिथल्या तिथं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला की युद्ध अर्थातच गुलामगिरीवरून झालं.

असं उत्तर देणाऱ्या त्या एकट्या नाहीत. युद्धाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये, प्यू रिसर्च सेंटरनं अमेरिकी नागरिकांची पाहणी केली. युद्धाचं मुख्य कारण राज्यांचे हक्क, म्हणजे केंद्राच्या ढवळाढवळीविना आपला कारभार ठरवण्याचा राज्यांचा अधिकार, असं ४८ टक्के म्हणाले. गुलामगिरी म्हणणारे ३८ टक्के निघाले. ९ टक्क्यांनी दोन्ही कारणं सांगितली. तिशीच्या आतल्यांमध्ये तर राज्यांचे हक्क म्हणणारे ६० टक्के होते. जुनी पिढी गेली की ही समजूतही जाईल, असा अंदाज करायला जागा नाही.

इतिहासकारांमध्ये चित्र वेगळं आहे. गुलामगिरी नसती तर राज्यं फुटली नसती आणि युद्धही झालं नसतं, यावर या विषयात आयुष्य घालवलेल्या बहुतेकांचं आज एकमत आहे. मग लोकांत वाद का टिकून आहे? एक तर 'युद्ध का झालं' या प्रश्नात निदान चार प्रश्न कोंबलेले आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. शिवाय हरलेल्या बाजूनं युद्धानंतर आपलं म्हणणं बदललं आणि ते शाळेच्या पुस्तकांपर्यंत नेऊन पोचवलं.

भावाभावांत वाटणी का झाली हा एक प्रश्न आणि वाटणीनंतर काठ्या का निघाल्या हा दुसरा. इथंही तसंच आहे. दक्षिणेतली राज्यं का फुटली? फुटल्यावर लढाई का झाली? प्रत्यक्ष लढणारा साधा सैनिक कशासाठी लढला? आणि उत्तरेनं युद्धाचं उद्दिष्ट मध्येच का बदललं? वाद घालणारे दोघं बहुधा यातल्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

राज्यं का फुटली

६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांना एकूण मतांपैकी ४० टक्क्यांच्या आतच मतं पडली होती. पुढे फुटलेल्या ११ राज्यांपैकी फक्त व्हर्जिनियात त्यांच्या नावाच्या मतपत्रिका होत्या. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना फुटलं. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि टेक्सस ही सहा राज्यं बाहेर पडली. लिंकन यांचा शपथविधी अजून महिनाभर लांब होता.

का फुटलो, हे यातल्या काही राज्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ते कागद आज कुणालाही वाचता येतात. मिसिसिपीच्या निवेदनात सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे एकरूप झालेली आहे. दक्षिण कॅरोलायनाचं निवेदन २४ डिसेंबर १८६० चं. त्यात तक्रारींची यादी आहे: उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, तसे कायदेच त्यांनी केले आहेत, गुलामगिरीविरोधी संघटनांना ती मोकळीक देतात, आणि आता गुलामगिरीच्या विरोधातला माणूस राष्ट्राध्यक्ष होतो आहे.

ही यादी नीट वाचली की 'राज्यांचे हक्क' या दाव्याचं काय होतं ते दिसतं. दक्षिण कॅरोलायनाची तक्रार अशी आहे की उत्तरेतली राज्यं आपले हक्क वापरत आहेत आणि केंद्र सरकार त्यांना आवर घालत नाही. १८५० चा फरारी गुलाम कायदा हा केंद्राचा कायदा होता आणि तो दक्षिणेच्या आग्रहानं झाला होता. त्यानुसार पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे खटला मिळत नसे, स्वतःच्या बाजूनं साक्षही देता येत नसे. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर मिळत, सोडून दिला तर ५. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. विस्कॉन्सिनच्या राज्य न्यायालयानं हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि दक्षिणेनं त्याचं स्वागत केलं. या प्रकरणात राज्याचा हक्क सांगत होतं ते उत्तरेतलं राज्य.

फुटलेल्या राज्यांनी मिळून मग आपलं वेगळं राष्ट्र उभं केलं आणि स्वतःची घटना लिहिली. तिच्यात गुलामांच्या मालकीवर गदा आणणारा कायदा करायला बंदी घालणारं कलम आहे. मालकाला आपले गुलाम घेऊन दुसऱ्या कुठल्याही राज्यात जाण्या-राहण्याची मुभा देणारंही कलम आहे. राज्यांचा हक्क हेच खरं तत्त्व असतं, तर या बाबतीत ठरवण्याचं स्वातंत्र्य राज्यांकडे ठेवलं असतं.

दुसरा नेहमीचा दावा जकातीचा. उत्तरेतल्या कारखानदारांसाठी आयात मालावर जबर जकात लावली गेली, त्याला कंटाळून दक्षिण फुटली, असं सांगितलं जातं. १८३२-३३ मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि केंद्र यांच्यात जकातीवरून खरोखरच मोठा खटका उडाला होता. पण १८६० साली लागू होती ती १८५७ ची जकात, आणि ती त्या काळाच्या मानानं बरीच कमी होती. वाढीव जकातीचं विधेयक सिनेटनं २० फेब्रुवारी १८६१ ला मंजूर केलं. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती आणि त्यांच्या सिनेटरांनी राजीनामे दिल्यामुळेच ते मंजूर होणं सोपं गेलं. आधी घडलेल्या गोष्टीचं कारण नंतरच्या तारखेचं असू शकत नाही. मोठमोठे ग्रंथ चाळण्याआधी तारखा एकाखाली एक लिहून काढल्या तरी पुष्कळ दावे तिथंच गळून पडतात.

इथं एक रास्त शंका येते. जिथं गुलामगिरी आहे तिथं आम्ही हात लावणार नाही, फक्त पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही, असं लिंकन यांचा पक्ष सांगत होता. मग एवढा थरकाप कशाचा? उत्तर सिनेटच्या हिशेबात आहे. प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोन जागा. १८५० पर्यंत गुलामगिरी असलेली १५ आणि नसलेली १५ अशी बरोबरी राखली गेली होती. त्यानंतर कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि ओरेगन गुलामगिरीविना आली आणि आकडा १८ विरुद्ध १५ झाला. नवे प्रदेश बंद झाले की ही दरी वाढतच जाणार आणि एक दिवस घटनादुरुस्तीइतकं बहुमत उत्तरेकडे जाणार, हे दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना स्पष्ट दिसत होतं. शिवाय नव्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांपासून जकात अधिकाऱ्यांपर्यंत नेमणुका येणार होत्या. गुलामगिरीविरोधी पत्रकं टपालातून वाटली गेली तर ती अडवणार कोण, ही भीती त्यांच्या दृष्टीनं अगदी व्यवहारातली होती.

पैशाचा भागही लहान नव्हता. १८६० च्या जनगणनेत सुमारे ३९.५ लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली आहेत. बाजारभावानं त्यांची किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखाने यांच्यात मिळून गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त भरत होती. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. त्यामुळे 'युद्ध आर्थिक कारणांनी झालं, गुलामगिरीमुळे नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही. दक्षिणेचं अर्थकारण गुलामांच्या श्रमावरच उभं होतं. या कापसाचा पसारा किती दूरवर होता ते मुंबईनं अनुभवलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरण्या उपाशी पडल्या आणि हिंदुस्थानी कापसाचा भाव भडकला. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला मुंबईचा शेअरचा उन्माद याच पैशावर उसळला आणि १८६५ मध्ये शांततेची बातमी येताच कोसळला.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र फुटण्याच्या क्रमात आहे. पहिल्या सात राज्यांत गुलामांचं प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ४७ टक्के होतं. युद्धाला तोंड लागल्यावर फुटलेल्या चार राज्यांत सुमारे २९ टक्के. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या मिसुरी, केंटकी, मेरिलँड आणि डेलावेअर या चार राज्यांत सुमारे १३ टक्के. व्हर्जिनियाच्या आतही हेच घडलं. डोंगराळ पश्चिमेकडे गुलाम थोडे होते, आणि तो भाग व्हर्जिनियातून फुटून १८६३ मध्ये पश्चिम व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झाला.

फुटल्यावर लढाई का झाली

इथं मात्र दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालत नाही. फुटणं आणि युद्ध यांत काही महिन्यांचं अंतर होतं, आणि त्या काळात समेटाचे प्रयत्न झाले. राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र कधीही हात लावणार नाही, अशी हमी देणारी घटनादुरुस्ती मार्च १८६१ च्या सुरुवातीपर्यंत काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी मंजूरही केली. फुटलेली राज्यं परत आली नाहीत. ४ मार्चच्या पहिल्या भाषणात लिंकन यांनी तीच ग्वाही दिली, पण संघराज्य मोडायला कुणालाही अधिकार नाही, हेही बजावलं.

चार्लस्टनच्या बंदरातला सम्टर किल्ला केंद्राच्या ताब्यात होता आणि तिथली रसद संपत आली होती. लिंकन यांनी फक्त अन्नधान्य पाठवत असल्याचं कळवलं. १२ एप्रिलच्या पहाटे साडेचारला दक्षिणेच्या तोफांनी किल्ल्यावर मारा सुरू केला. १५ एप्रिलला लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागवले. व्हर्जिनियाच्या परिषदेनं ४ एप्रिलला फुटण्याचा ठराव फेटाळला होता. १७ एप्रिलला तीच परिषद फुटायला तयार झाली. अर्कान्सा, टेनेसी आणि उत्तर कॅरोलायना मागोमाग गेली. आपल्या शेजारच्या राज्यांवर केंद्रानं फौज घालणं या चार राज्यांतल्या पुष्कळांना मान्य नव्हतं, आणि त्यांची ती भावना खरी होती. गफलत होते ती हेच उत्तर पहिल्या सात राज्यांनाही लावण्यात.

सैनिक कशासाठी लढला

"माझ्या पणजोबांकडे एकही गुलाम नव्हता, मग ते गुलामगिरीसाठी कसे लढतील?" दक्षिणेतल्या घराघरांत हा प्रश्न मनापासून विचारला जातो. त्याला जोडून आकडा येतो की फक्त ५-६ टक्के लोकांकडेच गुलाम होते. आकडा खरा आहे, पण त्यात कागदोपत्री मालक असलेलीच व्यक्ती मोजली आहे. मालकाची बायको, मुलं, एकत्र राहणारे भाऊ त्यात धरलेले नाहीत. कुटुंबं मोजली तर फुटलेल्या ११ राज्यांत गुलाम बाळगणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास जातं. पहिल्या सात राज्यांत ते ३७ टक्के होतं. हंगामापुरते गुलाम भाड्यानं घेणारे, पुढे विकत घेण्याची उमेद बाळगणारे वेगळेच. आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्या गोऱ्या शेतकऱ्यालाही, समाजात आपल्या खाली कुणीतरी कायमचं आहे, ही हमी गुलामगिरी देत होती.

तरीही एकेका सैनिकाची कारणं वेगळी असू शकतात. गावावर चालून आलेली फौज, मित्रांची साथ, एप्रिल १८६२ पासूनची सक्तीची भरती, हे सगळं खरं आहे. त्याच वर्षी वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली, तेव्हा 'युद्ध श्रीमंतांचं, लढाई गरिबांची' असं सैनिक उघड म्हणू लागले. एखाद्याच्या पणजोबांनी बंदूक का उचलली आणि ती उचलायला लावणारं सरकार कशासाठी उभं राहिलं, ही दोन उत्तरं एकाच घरात वेगवेगळी असू शकतात.

उत्तरेनं उद्दिष्ट का बदललं

उत्तरेकडच्या सैन्यानं सुरुवातीला गुलाम सोडवण्यासाठी शस्त्र धरलं नव्हतं. जुलै १८६१ मध्ये काँग्रेसनं ठराव करून सांगितलं होतं की हेतू संघराज्य टिकवण्याचा आहे. इथून सर्वांत जास्त वापरला जाणारा पुरावा येतो: २२ ऑगस्ट १८६२ चं लिंकन यांचं संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेलं पत्र. एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, असं त्यात आहे. पत्र खरं आहे. पण त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, फुटलेल्या राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी आपल्या मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि एखाद्या विजयाची वाट पाहत तो बाजूला ठेवला होता. ते पत्र म्हणजे येऊ घातलेल्या निर्णयासाठी जनमत तयार करण्याचा प्रयत्न होता. १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा अमलात आला.

हा बदल एकट्या लिंकन यांच्या मनात झाला नाही. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यात आले. तिथले जनरल बेंजामिन बटलर यांनी, ही शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता आहे, असा कायदेशीर पेच टाकून त्यांना परत करायला नकार दिला. बातमी पसरली आणि माणसं शेकड्यांनी, मग हजारांनी येऊ लागली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. 'उत्तर गुलामगिरी संपवण्यासाठी लढली नाही, म्हणजे युद्ध गुलामगिरीवरून झालं नाही' या युक्तिवादात पहिल्या प्रश्नाला चौथ्याचं उत्तर दिलेलं असतं.

हरल्यानंतर बदललेलं उत्तर

दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हाना इथल्या भाषणात म्हणाले होते की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या 'थोर सत्या'वर आपल्या सरकारची कोनशिला बसवली आहे, आणि या प्रश्नामुळेच ताटातूट झाली. युद्ध हरल्यावर, १८६८ पासून, याच स्टीफन्स यांनी दोन जाडजूड खंड लिहिले. त्यांत भांडण गुलामगिरीचं नव्हतं, केंद्राची सत्ता की राज्यांची स्वायत्तता या तत्त्वाचं होतं, असं प्रतिपादन केलं. दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनीही १८८१ मध्ये तेच सांगितलं. पुराव्याच्या दृष्टीनं निवाडा सोपा आहे: जिंकण्याची आशा असताना स्वतःच्या लोकांपुढे बोललेलं जास्त विश्वासार्ह धरायचं.

मधल्या काळात जग काय समजत होतं, याचा एक दाखला पुण्यात आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, अर्पण केला. युद्धाचा अर्थ काय, याबद्दल फुल्यांच्या मनात संभ्रम नव्हता.

अमेरिकेत मात्र संभ्रम पद्धतशीरपणे वाढवला गेला. १८९४ मध्ये दक्षिणेकडच्या सैनिकांच्या लेकींची संघटना स्थापन झाली. तिनं पुतळे उभारले, निबंधस्पर्धा घेतल्या, आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे पाठ्यपुस्तकांवर नजर ठेवली. १९२० च्या सुमारास या वर्तुळातून निघालेल्या एका पुस्तिकेत पुस्तक निवड समित्यांना निकष दिले होते: दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा. ग्रंथालयांना सूचना होती की अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'दक्षिणेवर अन्याय करणारं' असं लिहा. मोठ्या बाजारपेठेतल्या समितीनं पुस्तक नाकारलं की प्रकाशकाचं नुकसान, म्हणून प्रकाशक आधीच मजकूर सौम्य करत. हा दबाव पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

उत्तरेनं हे चालू दिलं, कारण तिलाही समेट हवा होता. १९१३ मध्ये, युद्धातली एक मोठी लढाई जिथं झाली त्या गेटिसबर्गला ५० हजारांहून जास्त जुने सैनिक जमले आणि दोन्ही बाजूंच्या शौर्याचा गौरव झाला. त्याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला जात होता. मिसिसिपीनं १८९० मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनानं १८९५ मध्ये त्यासाठी नव्या राज्यघटना केल्या. युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही असं ठरलं, की मुक्त झालेल्यांचं काही देणं लागतो, हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते ही कहाणी इतकी टिकली ती यामुळे.

विद्यापीठंही यातून सुटली नाहीत. १९२० च्या दशकात चार्ल्स आणि मेरी बिअर्ड या इतिहासकारांनी युद्धाकडे कारखानदार विरुद्ध मळेवाले असा झगडा म्हणून पाहिलं. पहिलं महायुद्ध पाहिलेल्या जेम्स रँडल यांच्यासारख्यांनी १९४० च्या सुमारास दोष त्या पिढीतल्या चुका करणाऱ्या राजकारण्यांवर टाकला. कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९३५ मध्येच गुलामांना इतिहासाचे कर्ते म्हणून मधोमध आणलं होतं. पण बहुतेक गोऱ्या प्राध्यापकांनी ते मनावर घेतलं ते नागरी हक्कांच्या चळवळीनंतर. टेक्सस राज्याच्या २०१० च्या अभ्यासक्रमात कारणांचा क्रम प्रादेशिक अभिमान, राज्यांचे हक्क आणि शेवटी गुलामगिरी असा होता. २०१८ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळानं तो बदलून गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती स्थान दिलं. २०११ च्या पाहणीतले तिशीच्या आतले लोक या बदलाच्या आधीच शाळेतून बाहेर पडले होते.

आज अभ्यासकांचे खरे वाद याच्या पुढचे आहेत. १८५० च्या दशकात जुने पक्ष मोडले नसते तर तडजोड आणखी एखादी पिढी चालली असती का? व्हर्जिनियासारखं राज्य सम्टरनंतर इतक्या झपाट्यानं का फिरलं? गुलाम नसलेले गोरे शेतकरी फुटीच्या मागे किती गेले आणि किती ओढले गेले? युद्धात ६ लाख २० हजार माणसं मेली, असं शंभरेक वर्षं छापलं गेलं. जनगणनांचे आकडे ताडून २०११ मध्ये साडेसात लाखांच्या आसपासचा अंदाज पुढे आला आणि त्याचीही फेरतपासणी चालू आहे.